तारीखवाल्यांचा कोट

कोर्टात त्या वकीलसाहेबांना सगळे तारीखवाले म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. ज्यांना निकालच नको असतो अशी माणसं त्यांच्याकडे येत, हे उठून पुढची तारीख मागत. एवढ्यावर घर चाललं, मुलगी शिकली. वर्षाकाठी एखादं फुकटचं प्रकरण मात्र कायदा मदत केंद्र त्यांच्या गळ्यात मारायचं, सोबत कायदा शिकणारा एक विद्यार्थी. केंद्राच्या बाई याला जोडी जमवणं म्हणत.

यंदाची जोडी बघून ते खट्टूच झाले. फायली उचलायला एखादं तरणं पोर मिळेल म्हणावं, तर समोर पन्नाशीच्या बाई! नर्सची नोकरी आटोपून वकिली शिकायला निघालेल्या. यांना फाइल उचला म्हणायचं कुठल्या तोंडाने?

प्रकरण शिवणकाम करणाऱ्या एका विधवेचं होतं. दीर उद्या सकाळी तिच्या खोलीला कुलूप घालणार होता. आज स्थगिती मिळाली नाही, तर बाई मशीनसकट रस्त्यावर. नर्सबाईंनी तिच्या घरी खेपा घालून शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आधीच गोळा केली होती. वकीलसाहेबांनी ती चहा पिता पिता चाळली होती.

दुपारपर्यंत त्यांचा जीव नुसता शिणून गेला. सकाळपासून या कोर्टातून त्या कोर्टात तारखाच मागत होते. पाय भरून आले, बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला. पुकारा झाला तसे ते दचकून उठले आणि सवयीने बोलून गेले,

"पुढची तारीख मिळावी, साहेब."

दिराचा वकील गालातल्या गालात हसला. मागे ती विधवा नर्सबाईंकडे बघू लागली. न्यायाधीशांनी पेन उचललं.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कोटाची बाही ओढली.

"अहो दादा, जागे व्हा," नर्सबाई कानाशी म्हणाल्या. "ही आपली बाई आहे. हिला आजच हवंय."

शरमेने त्यांचे कान तापले. "माफ करा, साहेब. तारीख नको. आजच ऐका."

मग ते बोलले. इतकं कधी बोलले होते, त्यांनाही आठवेना. मध्येच आवाज चिरकला, एक कागद तर नर्सबाईंनीच पुढे सरकवला. पण स्थगिती मिळाली.

बाहेर येऊन ते पायरीवर मटकन बसले.

"वकिलाचा कोट भर कोर्टात असा ओढायचा नसतो, ताई."

"चुकलंच माझं."

"चुकलंच. पुढच्या वेळी जरा लवकर ओढा. झोप फार जुनी आहे माझी."