मलकापुरात समुद्राचं पाणी

या कॉलममधले गूढ अनुभव मी आजवर चहासोबत वाचले आणि हसून सोडून दिले. मनाचे खेळ, दुसरं काय... मी मोजल्याशिवाय काहीच न मानणारी बाई. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय.

नवरा नेव्हीत होता, पण आमच्या घरात समुद्र आणला तो मी. कोचीच्या क्वार्टरमध्ये मी खाऱ्या पाण्याचा टँक उभा केला. त्यात क्लाउनफिशची जोडी आणि एक अॅनिमोन – खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा जीव. मासे त्याच्यातच राहतात. नवरा रिटायर झाला आणि कराडशेजारी मलकापूरला, मोठ्या दिरांच्या घरी राहायला जायचं ठरलं. सगळे म्हणाले, टँक कुणाला तरी देऊन टाक. नवराही म्हणाला, वाटेत मरतील आणि तूच रडत बसशील. मला असं कुणी म्हटलं की मग झालंच!

ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर. टँक आणि त्याचं पाणी निळ्या कॅनमध्ये मागे टेम्पोत. वाटेत समुद्राचं पाणी बनवायच्या खास मिठाची जादा पिशवी फुटून वाया गेली. हे मीठ दुकानात मिळत नाही, मागवलं तर यायला आठवडा. म्हणजे आता कॅनमधलं पाणी हाच आमचा समुद्र. ते गेलं तर मासे गेले.

दुपारी मलकापुरात पोचलो. सगळे जिवंत! नवऱ्याकडे मी असं काही बघितलं की तो मुकाट्याने सामान उतरवायला लागला. जाऊबाईंनी मला आंघोळीला पाठवलं, मग आग्रहाने जेवायला वाढलं.

जेवून मी टँक लावला, कॅन रिकामे केले आणि सवयीप्रमाणे खारटपणा मोजला. हवा तेवढा, अगदी बरोबर. हळूहळू पाण्याची सवय करून देत अॅनिमोन ठेवला, मासे सोडले. दोघेही सरळ अॅनिमोनमध्ये शिरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

तेवढ्यात दादा, म्हणजे मोठे दीर, कौतुकाने बघायला आले.

"शैला, तुमच्या कॅनातलं पाणी लांबच्या वाटंनं नासलं हुतं बघ. म्हशीनं बी तोंड लावलं न्हाई. तू आंघुळीला गेलीस तवा समदं ओतलं आन् आपल्या नळाचं भरून ठिवलं. कोयनेचं पाणी, लय गोड."

पुन्हा मोजलं. आकडा तोच. यंत्र पुसून पुन्हा मोजलं... तोच! शेवटी बोट बुडवून चाखलं. खारट – समुद्राचं असतं तसं. दादांनाही चाखायला लावलं. ते थुंकले.

"म्या सोताच्या हातानं भरलंय गं," ते म्हणाले.

एखादा कॅन ओतायचा राहिला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण ते दादा आणि जाऊबाईंनी मिळून ओतलं होतं, आणि जाऊबाई प्रत्येक कॅन विसळून घेणाऱ्या. पाणी ओतलं होतं मोरीमागच्या अळूत. तो अळू चार-पाच दिवसांत जळून गेला. म्हणजे मीठ जमिनीत गेलं, हे खरं. मग टँकमध्ये कुठून आलं? नळाचं पाणी मी नंतर कितीदा तरी मोजलं. ते गोडच आहे.

दादांनी मात्र विषय केव्हाच मिटवलाय. आल्यागेल्याला टँकपुढे उभं करून सांगतात, "आमच्या कोयनेच्या पाण्यात समुद्राचा मासा जगतोय, बघा." पूर्वी मी तिथल्या तिथे चूक सुधारली असती. आता नुसती शेजारी उभी राहते. कारण कोचीत, खऱ्या समुद्राच्या काठावर, या जोडीने कधी अंडी घातली नव्हती. गेल्या महिन्यात घातली – त्याच पाण्यात.