मास्तर, जेवन झालं का नाय?

“त्या मासळीबाजाराला कोणीतरी म्यूट करा.”

सर असं म्हणाले. मासळीबाजार म्हणजे माझी आई.

कोविडमुळे कॉलेज बंद होतं. पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र मी सातपाटीच्या घरात, आईच्या फोनवर शिकत होते. त्या दुपारी सरांनी मला प्रश्न विचारला, म्हणून मी माइक सुरू केला. आई तेवढ्यात मासळी विकून आली. तिने टोपली खाली ठेवली. फोनवर माणूस बोलतोय म्हटल्यावर त्याची विचारपूस करायची, एवढंच तिला माहीत. ती वाकून मोठ्याने म्हणाली, “मास्तर, जेवन झालं का नाय?”

मग सर ते वाक्य बोलले. पडद्यावर हसणारे पिवळे चेहरे वर तरंगत गेले. कोण हसलं, कळलं नाही. सगळ्यांचे कॅमेरे बंद होते.

“काय बोलले मास्तर?” आईने विचारलं.

“झालं म्हणाले.”

“बरं झालं,” म्हणून ती हात धुवायला गेली.

त्यानंतर वर्षभर मी माइक सुरू केला नाही. हजेरी टाइप करायची. शंका आली तर गिळायची. ऑनलाइन वर्गाचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. तो नसता तर माझं शिक्षण तिथेच थांबलं असतं. सर शिकवायचेही चांगले. पण त्या वर्गात लपता येत होतं, आणि मी लपायलाच शिकले.

दुसऱ्या वर्षी पालघरचं कॉलेज उघडलं. आता लपायला जागा नव्हती. जिन्यात मागून आवाज यायचा, “जेवन झालं का नाय?” मी वळून बघायची नाही. प्रयोगशाळेत ब्युरेट, थेंब थेंब द्रव सोडायची तोटीची काचनळी, पहिल्यांदा हातात धरली. व्हिडिओत किती सोपं वाटलं होतं! मी तोटी जास्त फिरवली आणि थेंबाऐवजी धारच पडली. शेजारच्या मुलीला विचारायचीही भीती. तोंड उघडलं की ‘नाय’ बाहेर पडेल.

मग सेमिनार आला. सगळ्या वर्गासमोर उभं राहून बोलायचं. नाही बोललं तर विषय राहणार. त्या विचाराने जेवण जाईना.

त्याच सरांनी मला बोलावलं. आवाज मऊ होता. “तू घरूनच दे, ऑनलाइन. तुझ्यासाठी सोय करतो.”

‘हो’ अगदी ओठावर आलं होतं. खरंच आलं होतं.

तेव्हा ते पुढे म्हणाले, “फक्त घरात कोणी बोलणार नाही, एवढं बघ.”

घरात कोणी. म्हणजे आई. तिच्याच घरात, तिच्याच फोनसमोर तिने गप्प बसायचं. आणि तिला गप्प मी करायचं.

“नाय सर. इथेच देईन.”

‘नाय’ आपोआप आलं. मी ते सुधारलं नाही.

सेमिनारच्या दिवशी फळ्याजवळ उभी राहिले आणि मागच्या बाकावरून आलंच, “मॅडम, जेवन झालं का नाय?”

वर्ग हसला. पण या वेळी हसणाऱ्यांना चेहरे होते. मी एकेकाकडे पाहिलं. पाहत राहिले. काहींनी वह्या उघडल्या.

“नाय झालं,” मी म्हणाले. “हे संपवून जेवणार. आणि हे माझी आई सरांना विचारत होती. सरांनी अजून तिला उत्तर दिलेलं नाय.”

सरांनी टेबलावरचा हजेरीपट पुढे ओढला. मी खडू उचलला आणि विषय सुरू केला. आवाज शेवटपर्यंत कापत होता.

आज मी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. घराण्यातली पहिली पदवीधर. मीटिंग कधी फोनवर असते, कधी समोरासमोर. भीती गेलेली नाय. ती बरोबर घेऊनच मी बोलते. घरी असले आणि आई फोनजवळ आली, तर मी माइक बंद करत नाय. तिने विचारलं, तर समोरच्याला उत्तर द्यावं लागेल.