गरम गाठ

परवा गादीवाल्याकडे कापूस जळाल्याचा वास आला आणि पांढुर्ण्याचा मालधक्का आठवला. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या जिनिंग कारखान्याचा बाबू होतो, कापसाच्या गाठी वॅगनमध्ये भरून घ्यायचो. महादेव हमाल प्रत्येक गाठीवर तळहात टेकवून मगच ती उचलायचा. एका दुपारी म्हणाला, "बाबूजी, हे गाठ आतून गरम लागून राहिली. आत ठिणगी दबली असन. बाजूले ठेवतो."

मला वॅगन बंद करायची घाई होती. "उन्हानं तापली असंल. भर."

पुढच्या तिगाव स्टेशनात त्या वॅगनमधून धूर निघाला. मालकानं विचारल्यावर मी म्हणालो, महादेवनं बिडी ओढली असंल. तो बिडी ओढत नव्हता, हे मला ठाऊक होतं.

मालकानं महादेवला कामावरून काढलं. जाताना त्यानं धक्क्यावरच्या एका गाठीवर तळहात टेकवला. "हे थंडी हाय, बाबूजी. भरून घ्या."