डावा पाय

मैदानाच्या कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाला प्रशिक्षकापेक्षा जास्त फुटबॉल कळतो, ही आमच्या कोल्हापूरची जुनी खोड. रविवारी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातून ओंकार मधल्या फळीत खेळत होता. सतरा वर्षांचं पोर, उजव्या पायात जादू. प्रशिक्षक सरांनी महिनाभर त्याच्याकडून डाव्या पायाचा सराव करून घेतला होता. डाव्यानं दिलेला पहिलाच पास समोरच्या संघाकडे गेला आणि कट्टा पेटला.

"उजव्यानं मार की लेका."

सर रेषेजवळून शांतपणे म्हणाले, "चुकू दे. परत डाव्यानंच."

दुसराही चुकला. मग शिव्या सुरू झाल्या, सरांनाही. माझं डोकं फिरलं. सरावात जमलेली गोष्ट सामन्यात आधी चुकतेच. तेवढं चुकायलाही आपण पोरांना देत नाही, आणि मोठा खेळाडू मात्र आपल्याच पेठेतून निघायला हवा.

तिसऱ्यांदा चेंडू डाव्या पायाशी आला. ओंकारनं एकदा कट्ट्याकडे पाहिलं आणि चेंडू उजव्यावर घेतला. पास अचूक गेला. सरांनी मान खाली घातली. कट्ट्यावर टाळ्या पडल्या, आणि त्यांत सवयीनं माझेही हात होते.