दाराजवळचं बुटकं स्टूल

"या घरात मेलेल्यांची गर्दी एवढी, की जिवंतांना टेकायला जागा नाही," असं लिओ हॅलोरन म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. दर वर्षी नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, ऊन उतरायला लागलं की त्याची थोरली बहीण कार्मेल घरातल्या झाडून सगळ्या खुर्च्या पुसून चुलीसमोर मांडायची. दाराची कडी काढून ठेवायची. टेबलावर सोड्याचा ब्रेड, दुधाचा जग. बाहेर ऑस्ट्रेलियातल्या वसंताचा उकाडा असो, बटाट्याच्या वाफ्यांवरून गरम वारा येवो, चूल पेटायचीच. पणजोबांनी ही रीत आयर्लंडमधल्या क्लेअरहून आणली तेव्हा तिकडच्या नोव्हेंबरातली थंडीही तिच्याबरोबर आली होती, आणि ती काढून टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मग कार्मेल एकेका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नाव घ्यायची. बाबा. आई. लिओची बायको. पॅट्रिक आजोबा. टिमथी पणजोबा, जोहाना पणजी.

दाराजवळ मात्र एक बुटकं स्टूल असायचं. इतरांपासून लांब, रस्त्याकडे तोंड करून. टिमथी पणजोबांनी स्वतःच्या हातांनी केलेलं, तीन वर्षांच्या पोराला बेताचं. तेही पुसायचं, मांडायचं, पण नाव घ्यायचं नाही.

"हे कुणाचं?" कार्मेलने लहानपणी विचारलं होतं.

"त्याचं नाव घेत नाहीत," बाबा म्हणाले.

"का?"

"माझ्या बापानं घेतलं नाही."

त्याच संध्याकाळी तिने दारापाशी बारीक, कोरडा खोकला ऐकला. गोवर उठण्याआधी पोरं खोकतात तसा. ती आईला बिलगली. आईने कणीक मळणं थांबवलं नाही. "त्याला त्याची जागा दे, आणि तू उगी राहा," एवढंच म्हणाली. म्हणजे आईलाही ऐकू यायचा.

पुढे दर वर्षी यायचा. कधी वाटायचं, लाकूड तडकलं असेल.

कार्मेलचं लग्न एकदा ठरत आलं होतं, तेवढ्यात आईला अर्धांगवायू झाला आणि ते राहिलं ते राहिलंच. आईचं आजारपण, बटाटे काढायला येणाऱ्यांचा स्वयंपाक, चर्चमधला चहा, यात तिची वर्षं गेली. पण तिला कुणी कुरकुरताना पाहिलं नाही. आईवडील गेल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर जुने कागद पसरले ते परत उचललेच नाहीत. बाप्तिस्म्याचे उतारे, मृत्यूचे दाखले, जहाजांच्या याद्या. लिओ ताट मांडीवर घेऊन जेवायला शिकला.

तिला बाकी कुणाशी देणंघेणं नव्हतं. तिला त्या स्टुलावरचं पोर हवं होतं. वाटेत समुद्रात सोडलेल्या मुलांच्या याद्या तिने पालथ्या घातल्या. पलीकडच्या आणि अलीकडच्या दफनभूम्यांची पुस्तकं झाली. टिमथीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी घरच्यांनी सगळी मुलं लिहून दिली होती, गेलेलीसुद्धा. त्यातही जास्तीचं पोर नव्हतं.

शेवटी एका वर्षी लिओच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि शेत विकलं गेलं. नाताळानंतर नवा मालक घर पाडणार होता. दोघं वॉर्नाम्बूल शहरात, दोन खोल्यांत जाणार होती.

"खुर्च्या येतील ना आपल्याबरोबर?" तिने विचारलं.

"येतील गं."

"आणि तो?"

लिओने कोण म्हणून विचारलं नाही. बाकीच्यांना नव्या घरी नावाने बोलावता येत होतं. याला काय म्हणून हाक मारायची? घर पडेल, दारही राहणार नाही, आणि तो तिथेच वाट बघत बसेल. हा विचार तिला सकाळच्या चहाबरोबर यायचा आणि दिवसभर जायचा नाही.

मग लिओला पणतू झाला. पाळण्यातल्या पोराचं नाव ऐकून लिओ घरी आला तो धुसफुसतच.

"कोल्ट ठेवलंय. शिंगराला शोभेल. आपल्यात कशी सरळ रीत होती. पहिला मुलगा, बापाच्या बापाचं नाव. दुसरा, आईच्या बापाचं. डोकं चालवायचं कामच नाही."

इस्त्री करता करता कार्मेल थांबली. "लिओ, जोहाना पणजीचे वडील कोण?"

"तुलाच माहीत. पॅट्रिक ना?"

"म्हणजे पॅट्रिक आजोबा हे दुसरा मुलगा. टिमथीच्या बापाचं नाव कॉर्नेलियस होतं. मग पहिला कॉर्नेलियस कुठाय?"

"गेला असेल. तोच तुझा स्टूलवाला. सुटलं कोडं. आता शर्ट जाळू नकोस."

"गेला असता तर पुढच्याला तेच नाव दिलं असतं. पणजीच्या मुलींत मार्गारेट नाही का दोनदा? पहिली गेली, लगेच दुसरीला दिलं. आजोबांच्या पाठीवर चार मुलगे झाले, एकही कॉर्नेलियस नाही." तिने इस्त्री उभी केली. "नाव मोकळंच झालं नव्हतं, लिओ."

लिओ खाली बसला. मृतांच्या दिवशी जिवंत माणसाचं नाव घेतलं तर तो माणूस वर्ष काढत नाही, हे त्याला आईच्या दुधाबरोबर कळलं होतं. पोर जिवंत की गेलं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून जागा ठेवायची, पण नाव नाही. बाबा का गप्प राहिले, आजोबा का गप्प राहिले, ते त्याला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्मेलने क्लेअरमधल्या चर्चच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या असम्प्टाबाई तिला आवाजावरून ओळखायच्या.

"पुन्हा पुरलेल्यांतच बघू का, बाई?"

"नको. लग्नं बघा."

आठवड्याने उलट फोन आला. "सापडला हो. कॉर्नेलियस हॅलोरन. बापाच्या नावापुढे लिहिलंय, टिमथी, परदेशी. गोवर उठलेली पोरं बंदरावरून परत पाठवायचे तेव्हा. आजीजवळ ठेवायचे, पुढच्या खेपेला नेऊ म्हणून. याचंही तसंच झालं असेल."

"पुढे?"

"चार मुली. म्हातारा होऊन गेला." असम्प्टाबाई घुटमळल्या. "एक गंमत आहे. पहिली मुलगी म्हणजे बायकोच्या आईचं नाव, नाही का? बायकोची आई कॅथरिन. यानं पहिलीचं ठेवलंय जोहाना."

कार्मेलने फोन ठेवला.

दोन तारखेला तिने खुर्च्या पुसल्या. भिंतींवरच्या तसबिरी उतरलेल्या, कोपऱ्यात खोकी रचलेली. नावं घेत घेत ती दारापाशी आली आणि स्टुलाकडे बघतच राहिली.

"आता काय?" लिओ म्हणाला.

"म्हातारा होऊन गेला तो. यावर कसा बसेल?"

 लिओ आतून स्वतःची हात असलेली खुर्ची ओढत घेऊन आला. ती तो कुणाला बसू देत नसे. चुलीसमोर जोहाना पणजीच्या खुर्चीला खेटून ठेवली आणि उशी थोपटून नीट केली. कार्मेलने स्टूल उचललं. खाली फरशीवर तीन फिकट ठिपके होते.

तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "कॉर्नेलियस," ती म्हणाली.

दोघं उभी राहिली. चुलीतलं लाकूड खचलं. कार्मेल कान देऊन होती, आयुष्यभर द्यायची तशी, दाराच्या दिशेने. काही ऐकू आलं नाही. खोकला नाही, लाकडाचं तडकणंही नाही. सहा वर्षांची असल्यापासूनची सोबत होती ती, आणि आता तिच्या जागी नुसती मोकळी चौकट आणि पलीकडचा रस्ता. तिने स्टूल छातीशी धरलं.

"दार लावू का?" लिओने हळूच विचारलं.

"राहू दे."