अँडीजसाठी चौदा होकार

अँडीज पर्वतातल्या चोवीस दिवसांच्या प्रवासाचा आराखडा बायकोने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवला, तेव्हा मला वाटलं ही नुसती अनुक्रमणिका असेल. कागदावर चार नावं होती. ओयांतायताम्बो, पिसाक, कुस्को, आणि टिटिकाका सरोवराच्या काठचं एक गाव, ज्याचं नाव मी अजूनही लागोपाठ दोनदा सारखं उच्चारू शकत नाही.

“आणि बाकीचे दिवस?” मी विचारलं.

“तिथेच.”

“तिथेच म्हणजे? करायचं काय?”

“बसायचं. बघायचं.”

यादीत माचू पिचू नव्हतं. आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघता परत यायचं का, असं मी म्हणालो. त्यावर तिने शांतपणे सांगितलं की तिथे आखलेल्या वाटेने, दिलेल्या वेळात, मागच्या माणसाच्या आधी चालावं लागतं, आणि तसं चालण्याचा तिला माझ्याबरोबर भरपूर अनुभव आहे.

आमच्या घरात प्रवास मी आखतो. क्योतोमध्ये मी एका दिवसात अकरा देवळं उरकली आहेत. कानाझावाची ती प्रसिद्ध बाग आम्ही वीस मिनिटांत पाहिली, त्यातली सहा मिनिटं बाहेर पडायचं दार शोधण्यात गेली. नागोयाच्या किल्ल्यात तर मी झपाझप पलीकडच्या दाराशी पोहोचून तिची वाट बघत उभा राहिलो. अर्ध्या तासाने फोन केला, तर बाईसाहेब अजून आत शिरतानाच्या दगडी भिंतीपाशीच होत्या. दगड एकमेकांत कसे बसवलेत ते बघत होत्या. मी पुढची बस चुकल्याचा हिशेब सांगितला. त्या दिवशी परतीच्या वाटेवर ती फार बोलली नाही, आणि मला वाटलं, दमली असेल.

ती पुण्यात पुरातत्त्व शिकली. उत्खननावर जायचं ठरत होतं, तेवढ्यात मला जपानचं दोन वर्षांचं काम मिळालं. त्या दोन वर्षांना आता सतरा वर्षं झाली. आम्ही उरायासुला राहतो, मी रोज कोतोला ऑफिसात जातो, आणि ती गेली नऊ वर्षं शेजारच्या गावात नगरपालिकेच्या उत्खनन खात्यात पार्टटाइम काम करते. काम म्हणजे जमिनीतून निघालेली खापरं टूथब्रशने धुवायची, जाळीवर सुकवायची आणि प्रत्येकावर मुंगीएवढ्या अक्षरात नंबर घालायचा. दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून. त्यात तिचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सप्टेंबरमधली ऑपरेशनची तारीख दिली होती. पुढे वर्षभर पायऱ्या जपून चढायच्या, आणि गुडघा नंतर किती वाकेल याचा शब्द आत्ताच देता येणार नाही, असंही सांगितलं होतं.

म्हणून तिला मेअखेरीस निघायचं होतं. तेव्हा तिकडे कोरडा ऋतू असतो.

“मला याच गुडघ्यावर जाऊन यायचंय,” ती म्हणाली. “हळू चालतो, पण चालतो. नवा कसा निघेल कुणाला माहीत.”

माझ्याकडे तिने एकच काम दिलं, स्वतःची रजा काढण्याचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही म्हटल्यावर मला फार उत्सुकता वाटायला लागली. ट्रेनमध्ये मी अँडीजबद्दल वाचायला सुरुवात केली, आणि खरं सांगतो, दोनदा माझं स्टेशन मागे गेलं. लोखंड नाही, चुना नाही, चाकाची गाडी नाही, आणि घराएवढे दगड असे बसवलेत की मधे कागद जात नाही. दगडाने दगड ठोकून. शिवाय ती यादी मला वाटली तशी अंदाधुंद नव्हती. विमान कुस्कोला उतरतं, पण तिथली हवा विरळ, म्हणून ती आधी थेट खालच्या दरीत जाणार होती आणि मग एकेक आठवड्याने वर चढणार होती. शरीराला उंचीची सवय होईल अशी. मी आखलं असतं तर पहिल्याच दिवशी सरोवर गाठून दुसऱ्या दिवशी इस्पितळ गाठलं असतं.

तिकडचे लोक बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवतात, दिवसा पायाने तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि वाळवतात. ते वर्षानुवर्षं टिकतात. हे वाचल्यावर मला राहवलं नाही. एका शनिवारी ती कामावर गेल्यावर मी फ्रीजरमधून दोन किलो बटाटे काढले, जरा सैल होऊ दिले आणि न्हाणीघरात पाय धुऊन त्यांवर उभा राहिलो. पुस्तकात जे सांगितलं नव्हतं ते हे, की अँडीजमध्ये खाली गवत असतं आणि आमच्या न्हाणीघरात गुळगुळीत फरशी. ती परत आली तेव्हा मी टबाच्या काठावर बसून कोपरावर बर्फ लावत होतो आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीपर्यंत बटाटा होता. तिने एक बटाटा उचलून दाबून पाहिला आणि म्हणाली, अजून दोन रात्री गोठवायला हवे होते.

इकडे ऑफिसात रजेचं काम चालू होतं. आमच्याकडे कुणी सरळ उठून रजेचा अर्ज देत नाही. झाड दुसरीकडे लावायचं असेल तर आधी महिनोन्‌महिने त्याच्या मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतात, त्याला नेमावाशी म्हणतात. ऑफिसातही तेच. ज्याच्या ज्याच्यावर परिणाम होणार, त्याला एकेकटं गाठायचं, कॉफी पाजायची, हळूच विषय काढायचा, त्याची अडचण ऐकायची, तोडगा सुचवायचा. सगळ्यांचा होकार गोळा झाला की मग अर्ज. तो वाचायचीही गरज नसते.

या कलेत मी स्वतःला वस्ताद समजतो. आमच्या गटात माझ्याखेरीज चौदा जण. नोव्हेंबरात मी विभागप्रमुखांपासून सुरुवात केली. मे-जून म्हटल्याबरोबर त्यांनी दातांच्या फटीतून हवा आत ओढली, कारण त्याच वेळी ग्राहकाची नवी प्रणाली सुरू व्हायची होती. माणसाने नकार द्यायच्या आत आपणच माघार घ्यायची, हे मी सतरा वर्षांत पक्कं शिकलोय. मेच पाहिजे असं काही नाही, असं मी चटकन म्हणून टाकलं. त्यांचा चेहरा उजळला. तिथून पुढे प्रत्येकाकडे तारीख थोडी थोडी सरकत गेली. एकाला ऑगस्ट नको होता, दुसरीला ऑक्टोबर. आणि प्रत्येकाचा होकार मिळवताना मी उदारपणे म्हणत होतो की तुम्ही निश्चिंत राहा, मे-जून मी सांभाळतो.

फेब्रुवारीच्या मध्याला चौदावा होकार आला. अर्जावर शिक्का बसायला एक मिनिटही लागलं नाही. विभागप्रमुखांनी तर, जे ते कधीच म्हणत नाहीत ते म्हटलं, सावकाश जाऊन या. स्टेशनवरून केकचा डबा घेऊन मी घरी आलो.

“मिळाली,” मी म्हणालो. “सलग चोवीस दिवस. आमच्याकडे असं कुणाला मिळालेलं नाही.”

तिचा चेहरा असा खुलला की मला डबा खाली ठेवायचं सुचेना. “मेची कितीपासून?”

“मे नाही. वीस डिसेंबरपासून. नववर्षाच्या सुट्ट्या जोडून.”

तिचा चेहरा पाहून मी घाईघाईने खुलासा करत गेलो. डिसेंबरपर्यंत गुडघाही नवा आलेला असेल, हा मला कसा दुहेरी फायदा वाटला होता, तेही सांगितलं. बोलताना ते माझ्या कानाला जसजसं ऐकू यायला लागलं, तसतसा आवाज बारीक होत गेला. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पावसाळा. ओल्या दगडी पायऱ्या. आणि तिच्या ऑपरेशनला जेमतेम तीन महिने झालेले.

“तू सगळ्यांना विचारलंस?” तिने विचारलं.

“सगळ्यांना.”

“किती जण?”

“चौदा.”

“तीन महिने तू चौदा माणसांना विचारत होतास,” ती म्हणाली, “आणि रोज रात्री माझ्यासमोर बसून जेवत होतास.”

केक तिने फ्रीजमध्ये नीट ठेवला. रागावून ठेवला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी होकार परत करायला निघालो. मोकळी केलेली माती पुन्हा दाबणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. विभागप्रमुखांनी या वेळी हवा ओढली नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले की बाकीचे तयार असतील तर त्यांची हरकत नाही. मी एकेकाला पुन्हा कॉफी पाजली. लोक भले असतात. बायकोच्या गुडघ्याची गोष्ट मी खरी तशी सांगितली, स्वतःच्या मूर्खपणासकट, आणि बहुतेकांनी वेळापत्रकं काढून काहीतरी जुळवून दिलं. आठवड्याभरात तेरा जण झाले.

चौदावा माझ्या शेजारच्या टेबलावरचा, गटातला सर्वांत तरुण. त्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात बाळ व्हायचं होतं. मी मे-जून सांभाळतो म्हटल्यावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा धाडस करून सहा आठवड्यांची रजा टाकली होती. त्याची बायको माहेरी जायची होती ती त्या भरवशावर थांबली होती. आमच्या दोघांपैकी एकाला तरी तेव्हा ऑफिसात राहणं भागच होतं. माझं ऐकून तो ताबडतोब म्हणाला की काही हरकत नाही, तो रजा मागे घेईल. इतक्या लगेच म्हणाला, की त्याच्या जागी मला मीच दिसलो. मी म्हटलं, खबरदार. रजा मागे घेतलीस तर तुझ्याशी बोलणार नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर हे सगळं तिला जसं घडलं तसं सांगितलं. डिसेंबर रद्द केल्याचं, तेरा जणांचं, चौदाव्याचं. पर्याय म्हणून, जुनी खोड, तिच्या प्रवासाचे शेवटचे आठ दिवस तरी मला मिळाले तर काय काय बघता येईल याचा एक तक्ता मी लिहून तयार केलाच होता. पण तिच्याकडे बघून तो खिशातच राहू दिला.

“त्याची रजा तू घेतली नाहीस ते बरं केलंस,” ती म्हणाली. मग बराच वेळ गुडघ्यावर शेकायची पिशवी इकडून तिकडे सरकवत बसली. “मी जाणार आहे. एकटी. चोवीस दिवस.”

“जमेल ना तुला? तेवढ्या उंचीवर?”

“भीती वाटते. पण घाई असती तर जास्त वाटली असती.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “मला तू हवा होतास रे. तुझी घाई नको होती, पण तू हवा होतास.”

मी बोलण्यात कधी हार जात नाही. त्या वेळी मात्र उठून चहा टाकला, आणि त्यात साखर दोनदा घातली.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी ती तिकीट काढायला बसली. खिडकीजवळची जागा निवडली, प्रवासी एक असं भरलं. मी तिच्या शेजारी एक कागद घेऊन बसलो होतो. चार महिन्यांच्या वाचनातून माझ्या मनात साठलेले बारा प्रश्न त्यावर लिहिले होते. तू बसणारच आहेस तर एवढं माझ्यासाठी बघ, असं म्हणून मी तो पुढे केला.

वाटलं होतं, बॅगेत टाकेल. ती तिथेच वाचायला लागली. एकेक प्रश्न, खापर उजेडात धरून फिरवावं तसा. पडद्यावर सूचना आली, चार मिनिटांत व्यवहार पूर्ण करा. तिने पेन घेतलं आणि पहिल्यावर काट मारली, म्हणाली, याचं उत्तर तुझ्याच पुस्तकात आहे, नीट वाच. दुसरा, तिसरा, तसेच. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांबद्दलच्या प्रश्नावर जरा थांबली आणि तोही खोडला. पडद्यावर तीन मिनिटं. मग दोन. माझा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागला, मी दुसऱ्या पायाने तो दाबून धरला.

शेवटी एकच प्रश्न उरला. त्या भिंतींतल्या काही दगडांवर, इतकं गुळगुळीत करूनही, मुठीएवढे दोन-दोन उंचवटे तसेच ठेवलेले दिसतात. कुणी म्हणतं दगड उचलायला दोर अडकवायचे, कुणी म्हणतं सावलीसाठी, कुणी आणखी काही. ते का ठेवले असतील?

“हे मलाही माहीत नाही,” ती म्हणाली. “सकाळच्या उजेडात कसे दिसतात आणि दुपारी कसे, ते बघायला हवं. आणि एकाच भिंतीवर वेगवेगळ्या ठिकाणी का आहेत?”

“सगळ्या दगडांवर नाहीतच,” मी म्हटलं. “फोटोत तरी नाहीत.”

“कुठल्या फोटोत?”

मी फोटो शोधायला लागलो. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, हे दोन बघ, हे खालच्या ओळीत आहेत, वर का नाहीत, असं म्हणत होती. मधेच पडदा पांढरा झाला. वेळ संपली होती. सगळं पुन्हा पहिल्यापासून भरायचं होतं.

माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं, आणि तिला पुढचा फोटो दाखवला.