चांगल्या सालाची गाडी

पुरात बुडालेली गाडी तुम्ही दलालाच्या हवाली केलीत, तेव्हा ती पुढे कुणाच्या दारात जाणार, हे विचारलं होतंत का? आपण खाडीकाठची माणसं. पूर ओसरला की गाळ उपसतो, बुडालेलं विकून टाकतो आणि सुटतो. ते विकलेलं कुठे पोचतं, हे मी छत्रपती संभाजीनगरात पाहून आले.

सकाळी एसटीतून उतरले, तर सोपान मोटारसायकल घेऊन उभा होता. आमची ओळख एका पाणी परिषदेतली. मी तिथे पत्रकं वाटत होते, तो पाहुण्यांची गाडी चालवत होता. पैठण रस्त्याने आम्ही चितेगावकडे निघालो. वाटेत नव्या वसाहतींच्या कमानी लागल्या. कमानींवर कारंजी रंगवलेली, मागे चुन्याच्या रेघांनी आखलेली कोरडी रानं. एका कमानीकडे हात करून सोपान म्हणाला, "इथं आमची मेंढरं बसायची."

घरी त्याच्या आईने पिण्याच्या पाण्याच्या पिंपाचं कुलूप काढून मला तांब्या भरून दिला. टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता. धपाटे आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची आमटी) खाताना सोपानचे वडील आबा परसातल्या वाड्याकडे (मेंढ्या कोंडायची काटेरी कुंपणाची जागा) पाहत होते. वाडा रिकामा होता. चराई कमानींमागे गेली, चारा दुष्काळाने नेला, आणि उरलेला कळप आबांनी आदल्या आठवड्यात विकला होता.

त्यातून घ्यायची होती स्पोर्ट्स कार. हसू नका. शहर वाढलं तशी लग्नाची कार्यालयं वाढली, आणि नवरदेवाला आता टप उघडणारी, दोन दारांची गाडी लागते. दुसऱ्याच्या अशा गाडीवर सोपान ड्रायव्हर होता. स्वतःची झाली, तर घर तिच्यावर चालणार होतं. दुसरा आधार उरलाच नव्हता.

क्रांती चौकापलीकडे जुन्या गाड्यांच्या आवारात एकाच कंपनीच्या दोन लाल गाड्या होत्या, एक २०१८ सालची, एक एकोणीसची. अठराचीचा रंग उडालेला, पण सोपानला तिचं इंजिन पटलं. एकोणीसची आरशासारखी चकाकत होती. समुद्राकाठच्या कुण्या साहेबाची, म्हणे फार कमी चालवलेली. आबा दोघींच्या पुढ्यात उकिडवे बसले, बाजारात मेंढ्याचे दात पाहायला बसावं तसे.

"अठराला दुष्काळ होता," ते म्हणाले. "त्या सालचं कोकरू कधी अंग धरत नाय. हाडच कच्चं."

"आबा, गाडी कारखान्यात बनती. तिला चारा लागतो व्हय?"

"पाणी तर लागतं ना?"

दलालाने संधी ओळखली. "चाचा सही बोलते. उन्नीस का लेव. उस साल तो नाथसागर डॅम के दरवाजे खुले थे."

आबांनी उपरणं पुढे केलं. मेंढीबाजारात सौदा त्याखाली बोटं दाबून होतो, बघणाऱ्याला भाव कळत नाही. दलालाने हसत हात आत घातला. बोटं जुळली.

मी सहज त्या एकोणीसच्या गाडीत बसले. एसी लागला आणि पूर ओसरल्यानंतर आपल्या माजघरांना येतो तो वास आला. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या टोकाला चिखलाचा डाग. मी तिथल्या तिथे सांगितलं, ही गाडी बुडालेली आहे. दलाल म्हणाला, मॅडमना पुराची भीती बसलीय. सोपानने आबांना बाजूला घेऊन विनवलं.

"बोटं धरली," आबा म्हणाले. "आता मागं फिरलो, तर बाजारात तोंड कसं दावू?"

मेंढीबाजाराचा शब्द आबांनी त्या आवारात पाळला. तो पाळणारे तिथे ते एकटेच होते.

पैसे मोजून आम्ही गाडी घेऊन निघालो. चितेगावच्या अलीकडे तिचे सगळे दिवे एकदम गेले आणि ती बंद पडली, नेमकी टँकरला लागलेल्या रांगेसमोर. घागर घेतलेली एक बाई म्हणाली, "गाडी आली, नवरदेव कुठाय?" रांग हसली. सोपानने पायाखालचा गालिचा उचकटला. खाली वाळलेल्या गाळाचा थर होता. आबांनी तो तळहातावर चुरला, नाकाशी नेला.

"गाळ चांगलाय. रानात टाकावा असा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: "पोरी, एवढं पाणी कुणाकडं होतं?"

ज्यांचे ओढे कोरडे, त्यांना आपण आपला पूर विकतो, आणि मधला माणूस दोन्हीकडून जेवतो.

दुसऱ्या दिवशी सोपान गाडी बदलून मागायला दलालाकडे गेला. अठराची गाडी तोवर विकली गेली होती. दलाल म्हणाला, बोटं तर तुमच्या वडलांनीच धरली. मी परत निघाले तेव्हा आबा रिकाम्या वाड्याचं कुंपण दुरुस्त करत होते. लाल गाडी त्या कुंपणालगत उभी होती.

आता घरी आले आहे. अंगणात नळ वाहतो आहे. यंदाही पाणी चढेल, गाड्या बुडतील, दलाल येईल. त्याला गाडी देताना विक्रीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहा: ही गाडी पाण्यात बुडाली होती. आणि तो ते खोडायला सांगू लागला, तर किल्ली देऊ नका.